जुडगा

रोज सकाळी तेच.
पडद्याच्या मधोमध चौकट, चौकटीत लुकलुकणारी उभी रेघ,
परवलीचा शब्द?
मी देते. ढगाचं चिन्ह हिरवं होतं,
रात्रीत कुठली पेटी किती ग्रॅमनं उतरली
ते क्रान्यच्या सहकारी संस्थेकडे निघून जातं,
आणि दिवसभर माझं कुणाशी भांडण नाही.
दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

रविवारी नोंदवही उघडली. यंत्राची, माझी नव्हे.
तीनशे ओळी, आणि त्यांत एकच वाक्य फिरून फिरून:
जुडगा बंद आहे. जुडगा बंद आहे.
आवाज न चढवता
कुणी दाराशी उभं राहून सांगत राहावं तसं.

तिलेन, बहिणीचा मुलगा, मारिबोरला दातांचे साचे करतो
आणि संध्याकाळी असल्या गोष्टी निस्तरतो.
"मावशी, मशीन सुरू झाल्यावर तू काही टाइप करतेस?"
नाही.
मार्चमध्ये मीच ती पायरी काढून टाकली.
पेट्यांवरून येते तेव्हा बोटांना प्रोपोलिस असतो,
तपकिरी, चिवट; एक अक्षर दाबलं
की ते खालीच राहतं, ललललललल.
म्हटलं, स्वतःच्याच उंबऱ्यावर कसली चौकशी?
"तिथेच गोम आहे. उंबऱ्यावरचा शब्द ऐकूनच
किल्ल्यांचा जुडगा उघडतो.
तू बोललीच नाहीस, तर त्यानं ऐकायचं काय?"

उंबरा परत घातला.
स्पिरिटनं हात पुसले, शब्द दिला, दार उघडलं,
आणि चौकट हजर.
पहिले पाढे पंचावन्न.

"मग जुडग्याला शब्दच ठेवू नकोस," जांभई देत तिलेन,
"रिकामं सोड, एंटर मार. पुष्कळ जण करतात."
मी खिडकीबाहेर पाहिलं.
ऑगस्ट संपत आलेला, चौथ्या पेटीच्या तोंडाशी गांधीलमाश्या.
पहारा ढिला पडला की आत काय उरतं
ते मी त्याच पेटीत पाहिलंय:
मेणाचा भुगा, आणि पंखच नुसते.
"नको," म्हटलं.

"बरं. शब्द कधी बदललास?"
मे महिन्यात. काळ्या खिडकीतून, सर्वाधिकारी होऊन,
एका ओळीत.
"दाराला सांगितलंस. जुडग्याला कोण सांगणार?"

म्हणजे तो अजून
मेच्या आधीच्या शब्दावर अडून बसलाय.
चूक त्याची नाही. पहारेकरी माशीसुद्धा
चेहरा बघत नाही; वास जुळला तर आत.

माझे शब्द राण्यांवरून असतात,
पाठीवरचा ठिपका आणि पेटीचा आकडा.
सातव्या पेटीतली राणी मेमध्ये गेली, म्हणून शब्दही बदलला.
पण तिचा ठिपका कुठला?
त्या सालच्या नियमानं हिरवा.
हिरवी सात. नाही.
पिवळी सात. नाही.
निळी. नाही, नाही.

फोनवर तो काहीतरी खात होता.
मागे भांडी वाजली, त्याची आई हसली,
आणि माझ्या काखेतला कळसा हाताला लागला:
त्या वर्षी रंगाचं पेन वाळलं होतं,
मी तिचीच नेलपॉलिश मागून आणली होती.
पोवळी सात.
आता सांगायला हरकत नाही.

वरच्या रकान्यात जुना शब्द, खाली नवा.
दोन पोळी एकत्र करताना
मधे वर्तमानपत्राचा एक कागद घालतात, टाचणीनं भोकं पाडून.
रात्रभर दोन्हीकडून कुरतडतात,
वास एक होईतो.
इथे एक बटण होतं.

सोमवारी चौकट आली नाही.
कॉफी घेऊन मी थोडा वेळ
तिची वाट पाहिली.
सातवी पेटी, एकशे वीस ग्रॅम कमी.
गेलं, नोंद झाली.